पाठ झालेला तक्ता

आसराबाई खुर्चीतून उठल्या आणि तक्त्याकडे निघाल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. डोळे तपासायला बसलेलं माणूस असं मधेच उठत नाही. चौतीस वर्षांत कुणी उठल्याचं मला आठवत नाही. लोखंडी चौकट एकदा नाकावर चढली, तिच्यात मी एकामागून एक काचा टाकायला लागलो, की भलेभले गरीब होतात. शिंक आली तरी विचारून देतात. ही बाई मात्र चौकट नाकावर तशीच ठेवून उठली. झालं होतं एवढंच, की मी तिला तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणालो होतो. अक्षरओळख नसलेल्यांनाही वाचता यावा म्हणून आमच्याकडे सगळ्यांना फणीचाच तक्ता असतो. तीन दातांची एकच खूण, वरच्या ओळीत मोठी, खाली येईल तशी बारीक होत जाणारी. दात कुठल्या बाजूला आहेत ते माणसानं बोटानं दाखवायचं. आसराबाईंनी चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या फणीला बोट खाली केलं. मी म्हणालो, नाही मावशी, उजवीकडं आहे, नीट बघा, आणि काच बदलली. त्यांनी पुन्हा खाली केलं. मी आणखी एक बदलली. “खालीच हाये,” त्या म्हणाल्या. “मावशी, घाई करू नका. शांतपणे बघा.” “अवो, बघूनच सांगून राह्यले ना. घनसावंगीहून दोन गाड्या बदलून आले, ते काय खोटं बोलाया?”

गांधी चमन चौकापासून आत दोन गल्ल्या सोडून माझं दुकान आहे. तपासायची खोली आहे दहा फुटांची आणि तक्ता हवा वीस फुटांवर. म्हणून तक्ता बसणाऱ्याच्या डोक्यामागे, भिंतीवर उंच टांगायचा आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावायचा. उजेड जाऊन येऊन वीस फूट चालतो आणि काम भागतं. आसराबाई आधी आरशाकडे गेल्या, काचेवर बोट ठेवायला लागल्या, मग स्वतःशीच हसल्या आणि वळून खऱ्या तक्त्यापाशी आल्या. टाचा उंचावून त्यांनी त्या फणीवर बोट टेकवलं. “हे तोंड खाली न्हाई तर काय हाये? तुम्हीच बघा.” मी जवळ गेलो. अगदी वीतभर अंतरावर गेलो. तिन्ही दात खाली होते. मी त्याच्या पुढची फणी पाहिली, खालची ओळ पाहिली, तिच्या खालची पाहिली. एकही खूण माझ्या ओळखीची नव्हती. “बराबर हाये का न्हाई?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. माझी मुलगी दोन वाजता येईल, ती तुम्हाला तपासेल, असं म्हणून मी त्यांची चौकट उतरवली. मला जरा काम आहे, असंही म्हणालो. त्या कुणाकडे तरी जेवून येते म्हणाल्या आणि गेल्या. मला काही काम नव्हतं.

तक्ता बदललेला होता आणि तो बदलल्याचं मला सांगितलेलंही होतं. आकांक्षा संभाजीनगरला डोळ्यांचा कोर्स करून आली, त्याला आता वर्ष झालं. पुढचं काउंटर, चौकटी बसवणं, काचा घासणं तिच्याकडे, तपासणं माझ्याकडे. गेल्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली होती, “अप्पा, जुना तक्ता पार पिवळा पडला होता, म्या नवा लावला.” मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपरची मोठी अक्षरं वाचत होतो, आणि ‘बरं’ म्हणालो. त्यानंतर बावीस दिवस मी त्या तक्त्याखाली उभा राहून माणसं तपासली आणि मला तो नवा दिसला नाही. दिसणार कसा? एक तर मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. उजवं, खाली, डावं, वर, वर, खाली, हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं. आणि बघितलं असतं तरी तो मला पिवळाच दिसला असता. हे मला आत्ता, तक्त्याला नाक लावून उभा असताना कळलं. डोळ्यातलं भिंग गढुळायला लागलं की आधी पांढरा रंग जातो. माणसाला वाटतं घरातल्या भिंती जुन्या झाल्या, धोतर नीट धुतलं जात नाही. मी स्वतः रोज चार म्हाताऱ्यांना विचारतो, पांढरं पिवळट दिसतं का, दिव्याभोवती कडं दिसतं का, आणि हो म्हणाले की चिठ्ठीवर मोतीबिंदू लिहून डॉक्टरकडे पाठवतो. स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. गेलं वर्षभर मी घरकाम करणाऱ्या उषाबाईंशी शर्टांवरून भांडतोय, साबण बदला म्हणून.

मी खुर्चीवर बसलो. माझ्या नाही, गिऱ्हाइकाच्या. माझी जागा म्हणजे बाजूचं उंच स्टूल, पण लोक त्यालाही खुर्चीच म्हणतात, आणि मला डॉक्टर. मी डॉक्टर नाही हे सुरुवातीची काही वर्षं सांगत राहिलो, मग कंटाळलो. कंटाळा हा माझा जुना सोबती. आजवर किती डोळे तपासले असतील याचा हिशेब नाही, पण ‘आता बरं की मघाशी बरं’ हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणतो आणि हल्ली उत्तर कानात शिरत नाही. मी नोंदवही उघडली. नवा तक्ता लागल्यापासून आम्ही एकतीस जणांना चष्मे दिले होते. एकतीस माणसांनी जे दिसतं ते सांगितलं असणार, मी त्यांना नाही म्हणालो असणार, आणि मग मी एकेक काच वाढवत गेलो असणार, ती माणसं गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत, कधीतरी मला हवी ती दिशा दाखवेपर्यंत. तेव्हा मी आकडा लिहिला. बरोबर उत्तराला मी नंबर दिला नाही, चुकीच्या उत्तराला दिला. 

उजेडाशी माझी ओळख बदनापूरला झाली. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या यंत्रावर होते. दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन जायचो आणि सरकीच्या गोदामात लोळत पडायचो. गोदामाच्या पत्र्याच्या दाराला खिळ्याचं एक भोक होतं, आणि उन्हाच्या वेळी समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता पडायचा, सगळा उलटा. बैलगाड्या चाकं वर करून जायच्या, माणसं डोक्यावर चालायची, निळं आभाळ खाली सरकीला टेकलेलं. आवाज नाही, धूळ नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी भोक बुजवलं असतं. पुढं बद्रीनाथ सरांच्या हाताखाली डोळ्यांच्या शिबिरांतून काम करायला लागलो तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी पाटीवर डोळा काढला आणि म्हणाले, आत मागं पडदा असतो, त्याच्यावर जग उलटं पडतं. मी म्हणालो, मी बघितलंय. ते हसले नाहीत. ते म्हणाले, मग तुला निम्मं येतंच. भिंग उजेड वाकवतं, त्याला नेमकं पडद्यावर आणून टेकवतं. पुढंच टेकला तर मायनसची काच, मागं चालला तर प्लसची, एका अंगानं पुढं आणि एका अंगानं मागं असेल तर तिरका नंबर. आपला सगळा धंदा एवढाच. पण एक लक्षात ठेव, ते म्हणाले होते, पडद्यावर उलटं पडलेलं सरळ कोण करतं? डोळा नाही करत. मेंदू करतो. आणि मेंदू फार शहाणा असतो, त्याला सगळं आधीच माहीत असतं. तेव्हा मला हे कौतुकाचं बोलणं वाटलं होतं.

आणि वडिलांचं ते शिबिर. जिनिंगच्याच आवारात भरलेलं, कामगारांची नजर तपासायला. ज्याला दिसत नाही त्याला यंत्रावरून काढून झाडलोटीला लावणार होते. मी काठीनं ओळी दाखवत होतो. वडील रांगेत मागं उभे, पाठीवर हात बांधून, ओठ हलवत. पुढच्या पंधरावीस जणांचं ऐकून ऐकून त्यांनी तासाभरात सगळा तक्ता पाठ केला होता. त्यांची पाळी आली तेव्हा माझी काठी अजून चौथ्या ओळीवर होती आणि त्यांनी पाचवी म्हणून टाकली. बद्रीनाथ सरांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं, आणि सरांनी कागदावर ‘ठीक’ लिहिलं. आम्ही बापलेक घरी चालत आलो. त्यांनी पुढं दोन वर्षं यंत्र चालवलं, एक दिवस दारातल्या शेळीवर धडपडले आणि तिथून घरीच बसले. मला त्यांचा राग आला होता, बरीच वर्षं होता. आज नाही. ते निदान जाणूनबुजून फसवत होते. आणि त्यांच्या न दिसण्यानं त्यांचाच हात जाणार होता, दुसऱ्याचा नाही.

काचांच्या पेटीत काळ्या पत्र्याची एक चकती असते, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यांत खरं बोलणारी वस्तू. माणसाला धूसर दिसतं. ते नंबरानं की आणखी कशानं, हे कळत नसेल तर ही चकती डोळ्यापुढं धरायची. भोकातून उजेडाची एकच बारीक सळी आत जाते, तिला वाकवायची गरज उरत नाही, म्हणून नुसत्या नंबराचा दोष असेल तर चकतीतून एकदम स्वच्छ दिसतं. नाही दिसलं, तर पेटीतली कुठलीच काच कामाची नाही. मी डावा डोळा झाकला, चकती धरली आणि आरशात बघितलं. तिसऱ्या ओळीपर्यंत ठीक. चौथी हलायला लागली. चौथी मला येत नव्हती, म्हणजे आठवत नव्हती. जुन्या तक्त्याची चौथी ओठांवर येत होती आणि मी ती गिळत होतो. चकतीतून उलट आणखी अंधारलं. मी डोळा बदलला. दुसरा वाईट होता. मी चकती पेटीत तिच्या खोबणीत नीट ठेवली, सवयीनं, आणि बसून राहिलो. भीती अशी वाटली नाही. मोतीबिंदू काढता येतो हे मी जगाला सांगतो, अर्ध्या तासाचं काम आहे, नवं भिंग बसवतात, माणूस चार दिवसांत भिंतींचा पांढरा रंग बघून लहान मुलासारखा हसतो. पण मी वहीतल्या त्या एकतीसच्या आकड्याकडे बघत होतो. त्या माणसांनी बरोबर सांगितलेलं मी ऐकलं नाही, ते डोळ्यांमुळे नाही. डोळे धड असते तरी मी तक्त्याकडे बघितलं नसतं. याला कुठलं भिंग बसवतात?

जुना तक्ता कपाटामागे गुंडाळी करून ठेवलेला होता. आकांक्षा काही टाकून देत नाही. ती आज बदनापूरच्या एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला गेली होती, दोनपर्यंत येणार होती. मला सगळं एकदम सोपं दिसलं. नवा काढायचा, जुना लावायचा. विचारलं तर म्हणायचं, मला त्याची सवय आहे. ती हसेल, अप्पा म्हातारे झाले म्हणेल, आणि विषय संपेल. माझ्या तोंडातला तक्ता आणि भिंतीवरचा तक्ता पुन्हा एक होतील आणि मी पुन्हा बरोबर ठरेन. मग महिन्या-दोन महिन्यांनी मोतीबिंदूचं निघालं म्हणून सांगायचं, आता आता सुरू झालंय म्हणायचं. ती एकतीस माणसं? त्यांचं काय? एकही जण परत आला नव्हता, तक्रार नव्हती. मी स्टुलावर चढलो. वरच्या दोन टाचण्या काढल्या, खालच्या मला सापडेनात, बोटांनी चाचपत राहिलो. मला लाज वाटत होती आणि तरी हात थांबत नव्हते, हे मी लपवत नाही. ही खोली, हे स्टूल, ‘आता बरं की मघाशी बरं’ म्हणायचा हक्क, एवढंच माझ्याजवळ होतं. हे गेलं की मी उषाबाईंच्या पायांत येणारा एक रिकामा म्हातारा. दमलो होतो मी या कामाला, सोडायची वेळ आली तर सुटका वाटेल असं कितीदा मनात म्हणालो होतो. आणि वेळ आली तेव्हा टाचण्या शोधत होतो.

“अप्पा, तुम्ही काय करून राह्यले?”

ती दारात उभी होती, खांद्यावर शाळेच्या तपासणीची बॅग. मी स्टुलावर, अर्धा लोंबता तक्ता हातात. बोलायला दोन गोष्टी होत्या, आणि मी खरी बोललो. धैर्य म्हणून नाही, खोटी सुचायला लागणारा दम माझ्यात उरला नव्हता म्हणून. सगळं सांगितलं. आसराबाईंचं, बावीस दिवसांचं, चकतीचं. जुना तक्ता लावणार होतो तेही सांगितलं. आकांक्षानं बॅग खाली ठेवली नाही. तिचा चेहरा मला दारातल्या उजेडामुळे नीट दिसत नव्हता, आणि आता तसं म्हणायलाही हरकत नव्हती.

“किती जण?”

“एकतीस.”

“वर्ष झालं मी तुमच्या बाजूच्या खोलीत बसून राह्यले, अप्पा. एकदा म्हणायचं होतं, बाई, जरा येऊन बघ म्हणून.” तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. ती रागावली होती आणि मला बरं वाटलं. तिनं नोंदवही ओढली, बोट नावांवरून खाली नेत गेली, आणि एका जागी थांबली. “अप्पा, ह्यात डायवर हाये.”

जाफराबादची जीप चालवणारा कडूबा. रोज सकाळी भरून आणतो, दुपारी भरून नेतो. चौकट मोडली म्हणून नवा चष्मा करायला आला होता, अठरा दिवसांमागे. मला तो आठवला. जाडसर, खुर्चीत मावत नव्हता, दर उत्तराला ‘साहेब’ लावत होता. त्याचे डोळे चांगले होते, थोडासा मायनस. मी त्याला दोन्हीकडे बराच वाढवून दिला होता आणि वर तिरका नंबर. आकांक्षानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि माझ्या हातात दिला. “मी न्हाई बोलणार. तुम्हीच बोला.”

“बोला साहेब!” मागं इंजिनाचा घरघराट, कुणाचं तरी बाळ रडत होतं.

“कडूबा, चष्मा कसा आहे?”

“एक नंबर! जरा रस्ता वर आल्यावानी दिसतो, अन् सांजच्याला डोस्कं धरतं. पण तुम्ही म्हणले होते ना, आठ दिवस सवय होऊस्तर आसंच होतं. आठाराव्वा दिवस चालू हाये. माझंच डोस्कं जड, सवय धरंना.”

हे वाक्य आम्ही प्रत्येकाला सांगतो, चष्मा हातात देतानाच. नवा नंबर आहे, आठ दिवस गरगरेल, काढू नका. ते खोटंही नसतं. एकतीसपैकी एकही जण परत का आला नाही, ते मला कळलं. सगळे सवय करत बसले होते.

“कुठं आहात आत्ता?”

“राजूरच्या फुडं. भरून निघालोय.”

“गाडी बाजूला घ्या.”

“का वो साहेब?”

“आधी घ्या. मग सांगतो.”

घरघर हळू झाली, कुणीतरी मागून काय झालं विचारलं, बाळ तसंच रडत होतं. इंजीन बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत मी थांबलो. आकांक्षा माझ्यासमोर उभी होती. “कडूबा,” मी म्हणालो, “नंबर चुकलाय. तो चष्मा काढून ठेवा. जुना असेल तर दोरा बांधून घाला, आणि उद्या सकाळी इथं या.”

तो हसला. खरोखर हसला, पोटातून. “मजाक करता का साहेब? तुम्ही कसे चुकताल? मलाच त्या दिवशी नीट सांगता आलं न्हाई. येतो म्या उद्या जल्दी, अन् ह्या बारीला बराबर सांगतो बघा.”

मला वाटलं फोन ठेवावा. बोलणं तसं झालंच होतं, तो चष्मा काढणार होता, उद्या येणार होता, आकांक्षा त्याला तपासणार होती. चूक त्यानं स्वतःकडे घेतली होती आणि त्याला तिचं ओझंही नव्हतं. मी आकांक्षाकडे बघितलं. तिनं मान हलवली की नाही, मला दिसलं नाही.

“नाही, कडूबा,” मी म्हणालो. “तुम्ही बरोबरच सांगत होता. मला दिसत नव्हतं. तक्ता नवा होता आणि मी जुना पाठ धरून बसलो होतो. तुम्हाला नाही नाही म्हणत होतो, ते सगळं माझं चुकलं.”

पलीकडे त्यानं फोन तोंडाजवळ घेतल्यासारखं वाटलं, कारण आवाज एकदम जवळ आला आणि त्यात हसू राहिलं नव्हतं.

“म्हंजे म्या म्हणत होतो तसंच होतं ते?”

“तसंच होतं.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“मंग साहेब,” कडूबा म्हणाला, “म्या भिऊन बदलून सांगितलं, तवा तुम्ही मला शाबास का म्हणले?”